कन्नौदखालचा नर्मदाकाठ

मध्य प्रदेशाच्या देवास जिल्ह्यातील कन्नौद हे इंदूर–बैतूल महामार्गावरील तालुक्याचे गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधात येत असले, तरी अरबी समुद्र तेथून चारशे किलोमीटरांहून दूर आहे आणि त्यामुळे पुळण, खाडी, भरती-ओहोटी हे शब्द या मुलखाच्या बोलण्यात सहसा येत नाहीत. तरीही पाण्याकाठच्या वाळूवर दिवस घालवण्याची, होडीने बेटावर जाण्याची आणि संध्याकाळी घाटावर बसण्याची जी हौस कोकणात समुद्रकिनाऱ्यावर भागते, ती या भागात नर्मदेच्या काठी भागते. कन्नौदच्या दक्षिणेला, खातेगाव व सतवास या तालुक्यांच्या कडेने वाहणारी नर्मदा पावसाळा ओसरल्यावर आपल्या पात्रात जी वाळवंटे मोकळी करते (चंद्रभागेमुळे मराठी वाचकाच्या ओळखीचा असलेला नदीपात्रातील वाळूपट या अर्थी), ती आणि त्यांना लागून असलेली बेटे हाच या परिसराचा खरा किनारा होय. मात्र हा किनारा नकाशावर कायमचा रेखाटता येत नाही, कारण पूर त्याची जागा दरवर्षी बदलतो आणि गेल्या काही दशकांत त्याची रुंदी धरणांचे दरवाजेही ठरवू लागले आहेत.

गावाची जागा समजून घेतली की नदीशी असलेले त्याचे नाते उलगडते. इंदूरकडून येणारा रस्ता माळव्याच्या पठारावरून विंध्याचा घाट उतरतो आणि डोंगराच्या पायथ्यापासून नर्मदेपर्यंत पसरलेल्या काळ्या मातीच्या सखल पट्ट्यात कन्नौदला पोहोचतो. घाटाच्या वर, बागली तालुक्यात उगम पावणारी कालीसिंध उत्तरेकडे चंबळेला आणि तिच्यामार्फत यमुना-गंगेला मिळते, तर घाटाखालचे सारे ओढे-नाले दक्षिणेला नर्मदेत जातात. म्हणजे एकाच जिल्ह्यातील पावसाचे पाणी दोन समुद्रांत वाटले जाते. होळकरांच्या इंदूर संस्थानात या घाटाखालच्या मुलखाचा स्वतंत्र जिल्हा होता, त्याला काठावरच्या प्राचीन तीर्थावरून नेमावर हे नाव होते, पण त्याची कचेरी मात्र पुरापासून दूर असलेल्या कन्नौदला होती. महाराष्ट्रातील वाचकाला देवास म्हटले की पवारांची थोरली व धाकटी पाती आठवतात. परंतु जिल्ह्याचा हा दक्षिण भाग पवारांचा नव्हे, होळकरांचा, आणि तो १९४८ नंतरच्या पुनर्रचनेत देवासला जोडला गेला. कन्नौदमध्ये आज पाहण्यासारखे फारसे काही नाही, असे म्हटले तर गावावर अन्याय होणार नाही. उत्तरेच्या सागवानी टेकड्यांतील खिवनी अभयारण्य आणि दक्षिणेची नर्मदा या दोहोंकडे जाण्याचा मुक्काम म्हणूनच त्याचे महत्त्व आहे.

या किनाऱ्यांत नेमावरची जागा पहिली, आणि तिला स्पर्धक नाही. खातेगाव ओलांडून महामार्ग ज्या पुलावरून नर्मदा पार करतो, त्याच्या उत्तर टोकाला नेमावर आणि दक्षिण टोकाला हर्दा जिल्ह्यातील हंडिया ही गावे समोरासमोर आहेत. अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंतच्या १,३१२ किलोमीटरांच्या प्रवासातील मध्यबिंदू म्हणून हे स्थान नर्मदेची नाभी मानले जाते आणि पात्रातील एका लहान बेटावर नाभिकुंड दाखवले जाते. पावसाळ्यात बेट व कुंड दोन्ही पाण्याखाली असतात. दिवाळीच्या सुमारास पाणी उतरले की खडक, मग वाळू आणि शेवटी छोटेसे देवस्थान उघडे पडते व नावाड्यांच्या फेऱ्या सुरू होतात. नावाडी केवट किंवा कहार समाजाचे असतात, नाव काठावरून ढकलताना ‘नर्मदे हर’ म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी नदीचा उल्लेख ‘मैया’ असाच होतो.

येथील वाळू कोठून येते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण नेमावरच्या पाठीशी असलेल्या माळव्याच्या बेसाल्ट खडकापासून चिकण काळी माती तयार होते, वाळू फारशी होत नाही. नदीच्या उंच, सरळ तुटलेल्या थड्या या गाळमातीच्याच आहेत. पात्रातील पिवळसर, जाडी वाळू मुख्यतः सातपुड्याची देणगी आहे: पचमढीच्या आसपासचे वालुकाश्म, म्हणजे प्राचीन वाळू दाबली जाऊन बनलेले खडक, झिजून जी रेती होते, ती तवा ही नर्मदेची सर्वांत लांब उपनदी होशंगाबादजवळ (आताचे नर्मदापुरम्) बांद्राभान येथे नर्मदेत आणून टाकते आणि तेथून पूर ती खाली वाहून आणतो. तीत मधूनमधून लाल-तपकिरी जास्पर आणि पांढुरके अकीक सापडतात. ते मात्र बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले असतात. वाळू आणि खडे दोन वेगळ्या प्रकारच्या खडकांतून आलेले असतात, हे ओंजळभर रेती हातात घेऊन पाहणाऱ्यालाही कळू शकते. हीच जाडी रेती बांधकामाला उत्तम असल्याने तिचा मोठा व्यापार चालतो. पात्रातील यंत्रांच्या उपशामुळे वाळवंटांत खोल खड्डे पडतात आणि वरून सपाट दिसणाऱ्या पाण्यात पाय टाकणाऱ्याला त्यांचा अंदाज येत नाही. २०१७ मध्ये राज्य सरकारने नर्मदेतील वाळूउपसा काही काळ थांबवला होता. काठावर रांगेने उभे असलेले डंपर पाहता बंदीची आठवण फार दिवस टिकली नसावी.

हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत या वाळवंटांचा दुसरा उपयोग टरबूज, खरबूज आणि काकडीच्या वाड्यांसाठी होतो. पाणी ओसरताच वाळूत ओलीपर्यंत चर किंवा खड्डे खणतात, त्यांत शेणखत व थोडी माती भरतात आणि बी टोचतात. रोप लहान असेपर्यंत वाऱ्याने उडणाऱ्या रेतीपासून त्याला जपण्यासाठी वाळक्या गवताचा आडोसा उभा करतात, आणि वेल पसरू लागला की त्याच्याखाली तेच गवत अंथरतात, म्हणजे दुपारच्या तापलेल्या वाळूवर फळ भाजत नाही. नदी ही जमीन चार-सहा महिन्यांसाठीच देत असल्याने पुढच्या वर्षी तीच जागा उरेल याची खात्री नसते. वरच्या अंगाच्या धरणातून अवेळी पाणी सुटले, तर वाडी रात्रीत जाते.

वाळवंटाच्या वर, उंच काठावर उभे असलेले सिद्धनाथ किंवा सिद्धेश्वराचे मंदिर केवळ धार्मिक नव्हे, तर वास्तुशास्त्रीय कारणांसाठीही थांबून पाहावे असे आहे. अल्बेरुनीने अकराव्या शतकात दिलेल्या मार्गवर्णनांत नर्मदाकाठच्या या गावाचा उल्लेख येतो, आणि मंदिरही परमार राजवटीच्या त्याच वैभवकाळाशी जोडले जाते. करड्या-पिवळसर वालुकाश्मात घडवलेले त्याचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. या पद्धतीत शिखराच्या चारही अंगांवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकेक अखंड नक्षीदार पट्टा चढत जातो, त्याला लता म्हणतात, आणि दोन लतांमधल्या चतुर्थांशात लहान-लहान शिखरांच्या प्रतिकृती उभ्या-आडव्या ओळींत, वर जाताना आकाराने कमी होत, बसवलेल्या असतात. अंबरनाथचे १०६० मधील शिवमंदिर आणि सिन्नरचे गोंदेश्वर ही महाराष्ट्रातील भूमिज पद्धतीची उदाहरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना नेमावरचे शिखर परके वाटणार नाही. उलट ही शैली माळवा आणि महाराष्ट्र यांच्यात एकाच काळी कशी नांदत होती, हे येथे ध्यानात येते. बाहेरच्या भिंतींवरील मूर्तींत भैरव, गणेश, इंद्राणी व चामुंडा आढळतात. जवळच्या टेकडीवर दुसरे एक मंदिर अपुरे राहिलेले आहे, आणि पूर्ण झालेल्या मंदिराने जे झाकले आहे ते, म्हणजे दगड कसे रचले गेले हे, या अपुऱ्या मंदिरात अधिक स्पष्ट दिसते. जैन परंपरेतही रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, तटावरील सिद्धक्षेत्र म्हणून नेमावरला मान असून ते सिद्धोदय या नावाने ओळखले जाते.

पलीकडचे हंडिया आज लहान असले, तरी अकबराच्या माळवा सुभ्यात ते एका सरकारचे, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, ठिकाण होते. आग्र्याहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा मोगल राजमार्ग येथेच नर्मदा ओलांडत असे. जुन्या सराईचे अवशेष आणि रिद्धनाथाचे मंदिर पाहून परतणाऱ्यांनी दक्षिण काठावरून नेमावरकडे एकदा मुद्दाम पाहावे. घाट, पूल, बेट आणि शिखर एका दृष्टिक्षेपात येतात ते इथूनच.

या बेटांविषयी मराठी वाचकाला विशेष वाटावे असे एक बंधन आहे. नर्मदा परिक्रमा, म्हणजे नदी उजव्या हाताला ठेवून तिच्या दोन्ही काठांनी पायी केलेली प्रदक्षिणा, महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत पुस्तकांतून घरोघर पोहोचली आहे. या परिक्रमेत नदीची धार ओलांडणे वर्ज्य असल्यामुळे परिक्रमावासी नाभिकुंडाच्या बेटावर पाऊल ठेवत नाही. उत्तर काठाने पूर्वेकडे जाताना तो नेमावरच्या घाटावर स्नान करतो, बेटाला काठावरूनच नमस्कार करतो आणि पुढे निघतो. साध्या प्रवाशाला नावेच्या भाड्यात जे मिळते, ते महिनोन्महिने चाललेल्या पदयात्रीला नियमाने नाकारलेले असते. नेमावरच्या अलीकडचा, पश्चिमेचा टप्पा परिक्रमावासींच्या बोलण्यात ‘ओंकारेश्वरची झाडी’ म्हणून येतो. हे अरण्य एके काळी वाटमारी आणि श्वापदे यांसाठी धास्तीचे होते. आता त्यातील नदीकाठचा मोठा भाग पाण्याखाली आहे.

पाण्याखाली जाण्याची ही हकीकत नेमावरच्या खाली सुरू होते. हर्दा जिल्ह्यात, नदीतील खडकाला धरून बांधलेला जोगाचा किल्ला मागे पडला की वाहती नर्मदा हळूहळू इंदिरा सागराच्या स्थिर पाण्यात विरते. पुनासा येथील ९२ मीटर उंचीच्या या धरणामागचे जलाशय सुमारे ९१३ चौरस किलोमीटरांचे असून त्याच्या बुडीत क्षेत्रात खंडवा, हर्दा आणि देवास जिल्ह्यांतील २४९ गावे येतात. २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी रिकामे केले गेलेले हरसूद हे त्यांपैकी सर्वांत परिचित नाव. पर्यटन खात्याने दक्षिण काठावर हनुवंतिया येथे तंबूंचे नगर, होड्या आणि २०१६ पासूनचा जलमहोत्सव यांसह जी जागा विकसित केली आहे, ती या भागाचा अधिकृत ‘समुद्रकिनारा’ म्हणून जाहिरातींत दिसते. तेथील पाण्याचा विस्तार खरोखरच डोळ्यांत मावत नाही आणि सूर्यास्त देखणा असतो, हे मान्य करूनही सांगितले पाहिजे की तो काठ वाळूचा नाही. बुडालेल्या टेकड्यांचे माथे म्हणजे तेथील बेटे, आणि जलाशय उतरला की त्यांच्याभोवती चिखल व खडक दिसतात. वाळूवर चालण्याची इच्छा असलेल्याने नेमावरलाच जावे.

धाराजीचे स्थान या यादीत असावयास हवे होते. बागली तालुक्यातील या ठिकाणी नर्मदा खडकांवरून धारांनी कोसळत असे आणि भोवऱ्यात सापडलेले दगड रांजणकुंडांत, म्हणजे फिरत्या पाण्याने खडकात कोरलेल्या गोल खळग्यांत, वर्षानुवर्षे घासले जाऊन गुळगुळीत, लांबट होत. हीच नर्मदेची बाणलिंगे. उत्तरेच्या पंचांगातील चैत्री अमावास्येला (मराठी पंचांगात ती गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी येणारी फाल्गुनी अमावास्या) तेथे मोठी यात्रा भरे. एप्रिल २००५ मध्ये या यात्रेसाठी पात्रात उतरलेल्या गर्दीवर इंदिरा सागरातून सोडलेले पाणी रात्री अचानक येऊन साठहून अधिक भाविक बुडाले. पुढे ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयाने धाराजीचा प्रपातच झाकला, आणि अमावास्येची गर्दी आता नेमावरसारख्या घाटांवर होते. ज्या दिवशी ती होते, त्या दिवशी निवांत किनाऱ्याच्या शोधात असलेल्याने तिकडे फिरकू नये.

कन्नौदहून सतवास, पुनासामार्गे गेल्यास हा काठ मांधाता बेटाशी संपतो. ज्योतिर्लिंगासाठी प्रसिद्ध असलेल्या ओंकारेश्वराचे हे बेट, त्यावरील वस्ती, सात किलोमीटरांची प्रदक्षिणेची वाट आणि २०२३ मध्ये उभारलेला शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा यांविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून येथे फक्त पाण्याकाठाचा विचार पुरे. बेटाच्या दक्षिणेची मुख्य धार उंच कड्यांमधून वाहते आणि तिथे घाटांखेरीज काठ असा नाही. उत्तरेचा प्रवाह कावेरी म्हणून ओळखला जातो. दक्षिणेकडून येऊन मिळणारी त्या नावाची छोटी नदी नर्मदेत न मिसळता तिला छेदून बेटाच्या उत्तरेने वेगळी वाहते, अशी स्थानिक समजूत आहे. दोन्ही प्रवाह बेटाच्या पश्चिम टोकाला पुन्हा एकत्र येतात. या संगमावर, चण्याची डाळ वाहण्याची प्रथा असलेल्या ऋणमुक्तेश्वराच्या देवळाखाली, पाणी उथळ, गोट्यांचे आणि हिवाळ्यात पारदर्शक असते, आणि मुख्य देवळातील रेटारेटी तिथवर पोहोचत नाही. बेटाच्या लगेच वर धरण आहे. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडण्यापूर्वी भोंगा वाजवला जातो, आणि तो ऐकू येताच गोट्यांवरून उठून घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर यावे लागते.