करिंथकरांस पत्रांतील दोन शब्द

प्रस्तुत लेखकाचें निवृत्तीनंतरचें वास्तव्य चिंचवड येथें आहे. मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून चाकणच्या कारखान्यांपर्यंतच्या या टापूंत गेल्या साठ-सत्तर वर्षांत नगर, सोलापूर, मराठवाडा या बाजूंचीं पुष्कळ कुटुंबें पोटापाण्यासाठीं येऊन राहिलीं. त्यांत ख्रिस्ती घरेंही आहेत. अशाच एका घरचा माझा जुना विद्यार्थी, सध्यां चाकणला यंत्रावर काम करणारा, गेल्या पावसाळ्यांत घरचें मराठी बायबल पिशवींत घालून माझ्याकडे आला. आपला ओढा स्त्रियांकडे नसून पुरुषांकडे आहे असें त्याच्या धाकट्या भावानें घरांत सांगितलें होतें. वडीलधाऱ्यांनीं पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रांतील सहाव्या अध्यायाचें नववें वचन पुढें ठेवून त्यास जेवणाच्या पंक्तींतून उठविलें. "गुरुजी, येथल्या शब्दाचा खरा अर्थ काय, तेवढें सांगा," एवढेंच विद्यार्थ्याचें म्हणणें होतें. मला ग्रीक येतें तें कोश हातीं धरून चालण्यापुरतें. परंतु शब्दाचा विग्रह करणें हा जन्माचा व्यवसाय असल्यानें तें काम मीं अंगावर घेतलें.

देवाच्या राज्याचे वारस कोण होणार नाहींत यांची यादी त्या वचनांत आहे. तींत 'मालाकोय' व 'आर्सेनोकोयताय' असे दोन शब्द लागोपाठ येतात. पहिल्याचा सरळ अर्थ 'मऊ'. मत्तयाच्या अकराव्या अध्यायांत तोच शब्द तलम वस्त्रांस लावलेला आहे. माणसास लावला असतां सुखलोलुप, दुबळा, बायकी, परभोग्य अशा अनेक छटा त्यास येतात. दुसरा शब्द सामासिक असून 'आर्सेन्' म्हणजे पुरुष व 'कोयते' म्हणजे शय्या हीं त्याचीं पदें होत. योगार्थ स्पष्ट आहे. अडचण रूढार्थाची आहे. पौलाच्या पूर्वीं हा शब्द कोणत्याही उपलब्ध ग्रीक ग्रंथांत आढळत नाहीं, आणि पुढेंही तो बहुधा अशा याद्यांतूनच येतो. रूढि ठरवावयाची ती प्रयोगावरून. प्रयोगच विरळ असेल तर कोशकारानें काय करावें? मात्र लेवीय ग्रंथाच्या विसाव्या अध्यायाच्या जुन्या ग्रीक भाषांतरांत हीं दोन्ही पदें एकमेकांस खेटून आलीं आहेत, व तेथूनच पौलानें समास घडविला असावा हा तर्क मला सयुक्तिक वाटतो.

भाषांतरकारांची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. लूथरनें जर्मन भाषेंत दुसऱ्या शब्दाचा अर्थ मुलांना भ्रष्ट करणारे असा केला. त्यानें प्रौढांचा परस्पर संबंध बाजूस राहिला. 1946 सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारानें दोन्ही शब्द गुंडाळून त्यांच्या जागीं 'होमोसेक्शुअल्स' हा एकच शब्द घातला; 1971 च्या आवृत्तींत तो काढावा लागला. ज्या जर्मन शब्दावरून तो आला तो कर्टबेनी नांवाच्या लेखकानें 1869 सालीं प्रथम छापला. आमचा 'समलैंगिक' त्याहून अर्वाचीन. प्रचलित मराठी बायबलानें या कामीं बरीच सावधगिरी राखिली आहे: दोन शब्दांस दोन शब्दप्रयोग, एक भोग देणाऱ्यास व दुसरा घेणाऱ्यास. म्हणजे मराठी वाचकासमोर आहे तें कृत्याचें नांव. एखाद्या मनुष्याच्या जन्मभराच्या ओढ्याचें नांव तेथें नाहीं. ज्या वचनानें भावास पंक्तींतून उठविलें, त्यानें त्याच्या कबुलीविषयीं कांहींच सांगितलेलें नव्हतें!

हा भेद आपल्या ग्रंथांसही परका नाहीं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत पुरुषाशीं मैथुन जातिभ्रंशकर पातकांत गणलें आहे, आणि त्याच अध्यायांत द्विजास त्याचें प्रायश्चित्त सचैल स्नान एवढेंच सांगितलें आहे. दोन्ही ठिकाणीं विचार कृत्याचा. वात्स्यायन मात्र 'तृतीया प्रकृति' असें म्हणतो. तेथें शब्दच स्वभावाचा आहे.

तथापि एवढ्यावरून पौलाची या कृत्यास संमति होती असें ठरविणें ग्रंथाशीं अप्रामाणिकपणाचें होईल. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायांत त्याची नापसंती उघड आहे, आणि तेथें शब्द दुर्मिळ असल्याची सबब चालत नाहीं. मीं विद्यार्थ्यास तेंही दाखविलें. त्याला तें आवडलें नाहीं.

'पाप' या अर्थी नव्या करारांत येणारा ग्रीक शब्द 'हामार्तिया'. त्याच्या मूळ धातूचा अर्थ नेम चुकणें. आपल्याकडे अमरकोशांत ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धरास 'अपराद्धपृषत्क' म्हटलें आहे. 'अपराध' त्याच धातूचा. दोन दूरच्या भाषांनीं दोष या कल्पनेसाठीं धनुष्यबाणाचा आश्रय करावा याचें मला नेहमीं कौतुक वाटत आलें आहे. मग लक्ष्य कोणतें, हा प्रश्न उरतो. पौलाच्याच पत्राचा तेरावा अध्याय तें प्रीति असल्याचें सांगतो. आणि वादग्रस्त वचनानंतर तिसऱ्याच वचनांत, मला सर्व मोकळीक असली तरी सर्वच हितकारक नाहीं, अशा आशयाचा स्वातंत्र्याचा विचार येतो. पाप, स्वातंत्र्य, प्रीति हीं तिन्ही एकाच पत्रांत असतां घरोघर वाचलें जातें तें एकच वचन.

याहून चमत्कारिक गोष्ट त्या अध्यायाच्या आरंभीं आहे. तेथें पौल रागावला आहे तो बंधूंनीं आपसांतले तंटे बाहेरच्या न्यायसभेंत नेले म्हणून. आमच्या देशांत हें पाप न्यायसभेंत गेलें तें फार पूर्वीं. गोव्याचें इन्क्विझिशन 1560 पासून 1812 पर्यंत, मधलीं 1774 ते 1778 हीं वर्षें वगळतां, चाललें. पोर्तुगीज भाषेंत ज्यास 'नेफांदो', म्हणजे अवाच्य पाप, म्हणत तें त्याच्या कक्षेंत होतें. त्याचें बहुतेक दप्तर नष्ट झालें. जुआंव देल्गादु फिगैर यानें केलेली 1623 पर्यंतच्या खटल्यांची सूचि तेवढी लिस्बन येथें उरली आहे. इंग्रजांकडे आठव्या हेन्रीच्या 1533 च्या कायद्यानें चर्चचा हा विषय राजाकडे आला, आणि त्याच परंपरेंतून 1860 च्या दंडसंहितेचें 377 वें कलम उतरलें. तें 2009 सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें प्रौढांच्या खासगी संमतीपुरतें रद्द केलें. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेलेल्यांत कांहीं ख्रिस्ती संस्थाही होत्या! 2013 सालीं त्यांच्या बाजूनें निकाल झाला, तेव्हां मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ग्रेशस यांनीं समलिंगी विवाहास विरोध कायम ठेवूनही, आपलें चर्च या लोकांस गुन्हेगार मानीत नाहीं असें सांगितलें. 6 सप्टेंबर 2018 रोजीं तो निकाल फिरला, आणि 1 जुलै 2024 पासून अमलांत आलेल्या न्यायसंहितेंत तें कलमच नाहीं. कॅथोलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षाग्रंथांतही कृत्य दोषास्पद ठरवून मनुष्यास आदरानें वागवावें, अन्याय्य भेदभाव करूं नये, असें सांगितलें आहे. विद्यार्थ्याचें घर प्रॉटेस्टंट असल्यानें त्यास हें बंधनकारक नाहीं. परंतु पंक्तीचा प्रश्न त्यानें सुटतो असें मला वाटतें, विवाहाचा सुटत नाहीं.

वरील मजकुराचें टिपण मीं त्यास दोन पानांत लिहून दिलें. त्यानें तें त्याच वचनापाशीं घडी करून ठेविलें. भाऊ सध्यां भोसरीस खोली घेऊन राहतो. रविवारीं आई डबा पाठविते, असें कळतें.

संग्राहकांस एक विनंति. श्रीरामपूरच्या छापखान्यांतून 1811 सालीं निघालेला मराठी नवा करार, मुंबईच्या मिशनांचीं जुनीं मुद्रणें, आणि पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलें, केडगांवच्या मुक्तिसदनांत छापून 1924 सालीं प्रसिद्ध झालेलें भाषांतर, यांपैकीं कांहीं ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं हें एक स्थळ उतरून मंडळाकडे पाठवावें. समासांत जुन्या मालकानें शाईनें कांहीं लिहिलें असल्यास तेंही उतरावें.