गतकाळाचा यंत्रनाद : दृश्यकथनातील 'रेट्रो' संगीताच्या मूल्यमापनाचा प्रश्न

ऐतिहासिक कादंबरीतील पात्रे जी भाषा बोलतात ती त्या काळाची बोली क्वचितच असते. बहुतेक वेळा ती आधीच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी रूढ केलेली भाषा असते. १९८० च्या आसपासच्या सिंथेसायझरचा नाद आज नव्याने घडवणाऱ्या, 'सिंथवेव्ह' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताविषयीही हेच म्हणता येईल. चित्रपटासाठी वा मालिकेसाठी असे संगीत निवडताना ते 'त्या काळाचे वाटते का' एवढेच पाहिले जाते. हा निकष अपुरा आहे.

'स्ट्रेंजर थिंग्ज' (२०१६) या अमेरिकन मालिकेचे कथानक नोव्हेंबर १९८३ मध्ये, इंडियाना राज्यातील एका काल्पनिक गावात सुरू होते. त्याच वर्षी यामाहा कंपनीचा 'डीएक्स ७' हा डिजिटल सिंथेसायझर बाजारात आला आणि त्याच्या काचेसारख्या स्वच्छ नादाने पुढील काही वर्षांचे लोकप्रिय संगीत व्यापले. काइल डिक्सन आणि मायकेल स्टाइन यांनी मालिकेला दिलेले संगीत मात्र जुन्या अ‍ॅनालॉग वाद्यांच्या जाड, किंचित थरथरत्या नादावर उभे आहे. या वाद्यांतील स्वर तापमानानुसार सरकत. तेव्हाच्या वादकांना तो दोष जाचत असे. आज संगणकीय प्रणालींमध्ये तो मुद्दाम घातला जातो. शीर्षकसंगीतात सा-ग-प-नी हे शुद्ध स्वर एकामागून एक चढतात आणि उतरतात, एवढेच. त्यात रागरूप शोधणे व्यर्थ होय. तेथील अर्थ स्वरावलीत नसून नादगुणात, तो हळूहळू उघडत जाण्यात आहे.

हा नाद जॉन कारपेंटर यांच्या 'हॅलोविन' (१९७८) किंवा टँजरीन ड्रीम या जर्मन वाद्यवृंदाने संगीत दिलेल्या 'थीफ' (१९८१) अशा चित्रपटांची आठवण देतो. म्हणजे येथे स्मरण आहे ते १९८३ मधील गावाचे नव्हे, तर त्या सुमाराच्या चित्रपटांचे. फ्रेडरिक जेमसन यांनी स्मरणरंजनपर चित्रपटांवर घेतलेला आक्षेप येथे आठवतो : असे चित्रपट भूतकाळाऐवजी भूतकाळाची शैलीबद्ध प्रतिमा पुढे ठेवतात. आक्षेप रास्त आहे. परंतु या मालिकेपुरता तो अर्धाच लागू पडतो. कारण येथे संगीताचे दोन स्तर वेगळे राखलेले आहेत. द क्लॅश या वाद्यवृंदाचे १९८२ चे गीत पात्रांना ऐकू येते, भावाभावांतील खूण म्हणून कथानकात काम करते. सिंथेसायझर मात्र कोणत्याही पात्राला ऐकू येत नाही. तो निवेदकाचा आवाज आहे, आणि निवेदक २०१६ मधला आहे.

'ड्राइव्ह' (२०११) या चित्रपटात तर कालनिर्देशाचा प्रश्नच उद्भवत नाही. कथा समकालीन लॉस एंजेलिसची आहे. तरीही श्रेयनामावलीवर काविन्स्की यांचे 'नाइटकॉल' वाजते. अनामिक नायक जुन्या पडद्यावरील नायकांपासून घडलेला आहे, हे संवादांनी न सांगितलेले संगीत सांगून जाते. तेव्हा विचारावयाचा प्रश्न असा : हे स्मरण कोणाचे? त्याला उत्तर नसेल तर तेच संगीत नेपथ्यातल्या जुन्या टेलिफोनसारखे केवळ सजावट ठरते.

भारतीय संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १९८० च्या दशकातील मुंबईच्या कथेला तयार सिंथवेव्ह जोडले, तर प्रेक्षकाला मिळते ती अमेरिकन चित्रपटांची उसनी आठवण. येथील यंत्रनादाची आठवण निराळी आहे. 'कुर्बानी' (१९८०) आणि 'डिस्को डान्सर' (१९८२) यांची गाणी तिच्यात आहेत. आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांची १९८२ ची ध्वनिमुद्रिकाही. त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर, रोलँड कंपनीच्या यंत्रांवर वाजवले. त्यांपैकी 'टीबी ३०३' या यंत्रातून शिकागोत 'अ‍ॅसिड हाउस' ही शैली पुढे काही वर्षांनी निघाली. २०१० मध्ये ही मुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांनी ती त्या शैलीची पूर्वसूरी म्हणून ऐकली. मुंबईत १९८२ मध्ये मात्र तो नाद ना गतकाळाचा होता, ना कशाचा पूर्वसूरी. ती नुकतीच हाती आलेली नवी यंत्रे होती, आणि त्यांवर भैरव वाजतो का, हे पाहिले जात होते.