उपकेंद्राला कुलूप

१०० पैकी ६०, मग १८, मग १ सुद्धा नाही. आफ्रिकेतल्या चाड या देशात २००४ साली सरकारी आरोग्यनिधीचा माग काढला, तेव्हा हे आकडे हाती आले. पगार वगळून आरोग्य खात्याचा जो चालू खर्च, त्यातले ६० टक्के कागदोपत्री प्रादेशिक विभागांना मिळायचे होते. पोहोचले सुमारे १८. रोगी ज्या केंद्राची पायरी पहिल्यांदा चढतो, तिथवर १ टक्काही गेला नाही.

मधली सगळी रक्कम कुणी खिशात घातली, असे यावरून म्हणता येणार नाही. काही वरच्या कचेऱ्यांतच खर्ची पडली असेल. पण तापाने फणफणलेले पोर घेऊन आलेल्या आईला दोन्ही सारखेच. मला सर्वांत जास्त छळतो तो आकडा पैशाचा नाही. केंद्रांसाठीचा निधी पुरता पोहोचला असता, तर तिथले रोगी दुपटीहून जास्त झाले असते, असा त्याच अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे जितके आले, त्याहून जास्त आलेच नाहीत. त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

चोरी पैशाचीच होते असे नाही, वेळेचीही होते. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, अँगस डीटन आणि एस्थर डुफ्लो यांच्या पाहणीत कामाच्या वेळेतही सरकारी आरोग्य उपकेंद्रे ५६ टक्के वेळा बंद सापडली. नर्सबाई गावात दुसऱ्या कामावर असतील म्हणावे, तर तसे निघाले फक्त १२ टक्के वेळा. दार कुठल्या वारी उघडे असेल याचाही नेम नव्हता. मजुरी बुडवून, पोर कडेवर घेऊन चालत यायचे आणि कुलूप पाहून परतायचे. दोनदा असे झाल्यावर तिसऱ्यांदा कोण येईल? मग डिग्री नसलेल्या डॉक्टरचे इंजेक्शन जवळचे वाटते आणि गरिबाच्या गाठीचे पैसे तिथे जातात.

उपाय झाला. २००६ मध्ये सेवा मंदिर या संस्थेने नर्सबाईंच्या हजेरीसाठी वेळ उमटवणारी यंत्रे दिली. दिवसातून तीनदा शिक्का मारायचा, गैरहजेरीला पगारकपात. सुरुवातीला हजेरी चांगलीच वाढली. सोळा महिन्यांनी मात्र देखरेख असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरक उरला नाही. वरच्या कचेरीने ‘सूट’ दिलेले दिवस वाढत गेले होते.