जुन्या गुरुशाळांचीं दप्तरें काय सांगतात?

शाळेचा वार्षिक अंक हातीं आला कीं विद्यार्थी प्रथम काय पाहतो? आपलें नांव. निकालाच्या यादींत, खेळांच्या वृत्तांतांत किंवा छायाचित्राखालीं तें सांपडलें म्हणजे त्यास आनंद होतो. या इच्छेस आम्ही क्षुद्र म्हणणार नाहीं. आपण येथें होतों, याची कोठें तरी नोंद राहावी असें प्रत्येकासच वाटतें. मग जे आपल्या शिक्षकांचे आद्य पूर्वज, त्या पहिल्या गुरुशाळांतील विद्यार्थ्यांची नोंद कितपत राहिली, हें पाहणें बोधप्रद होईल.

शिक्षक होण्यापूर्वीं शिकविण्याची विद्या शिकावी, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाहीं. १८२६ सालीं मुंबईस कॅप्टन जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं चोवीस शिक्षक तयार होऊन निरनिराळ्या जिल्ह्यांत गेले. १८४५ सालीं तेथेंच नॉर्मल वर्ग निघाला व तो बाळशास्त्री जांभेकर यांजकडे सोंपविण्यांत आला. परंतु दुसऱ्याच वर्षीं ते निवर्तले. आपला वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. पुढें येथें सरकारी शिक्षणखातें उभें राहिलें, आणि गांवोगांवच्या शाळांस गुरुजी मिळावे म्हणून अकोल्यास नॉर्मल स्कूल चालूं झालें.

अशा शाळांची माहिती प्रथम मिळते ती खात्याच्या वार्षिक अहवालांत. पटावर किती, कोणत्या जातीचे किती, उत्तीर्ण किती, खर्च किती, हें तेथें रकान्यांत मांडलेलें असतें. जो अहवाल मागतो त्यास जें हवें तेंच अहवालांत उतरतें, हा दप्तर वाचण्याचा पहिला नियम होय. दूर खेड्यांतून आलेल्या तरुणास पहिली रात्र कशी गेली, मुलांपुढें पहिला पाठ देतांना त्याचा आवाज कांपला काय, हें विचारणारा रकाना नसतो.

म्हणून आंकडे निरुपयोगी आहेत असें मात्र नव्हे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं निवेदन सादर केलें. प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक एकाच वर्गाचे आहेत, शेतकरी वर्गांतूनही शिक्षक तयार करावे आणि त्यांस पुरेसा पगार द्यावा, असें त्यांत त्यांचें म्हणणें होतें. जातवारीचा कोरडा रकाना अशा वेळीं बोलूं लागतो.

दुसरें साधन म्हणजे मिशनांचीं वृत्तें. अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार मुलींच्या शाळा चालवीत. सावित्रीबाई फुले यांनीं त्यांजपाशीं व पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलांत अध्यापनाचें शिक्षण घेतलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. मिशनचीं वृत्तें सातासमुद्रांपलीकडील देणगीदारांसाठीं लिहिलीं जात, हेंही वाचतांना विसरूं नये.

तिसरें साधन विरळ, पण सर्वांत मोलाचें; तें म्हणजे विद्यार्थ्याचें स्वतःचें लिखाण. १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत मुक्ताबाई नांवाच्या मांग समाजांतील मुलीचा निबंध छापला गेला. ती फुले दांपत्याच्या शाळेंत शिकत होती. महारमांगांचीं दुःखें तिनें स्वतःच्या शब्दांत मांडलीं. खात्याच्या पटावर ती केवळ एक संख्या ठरली असती. निबंधामुळें ती आज आपणांशीं बोलते.

पालकांस आमची एक विनंती आहे. वऱ्हाडांतील कित्येक घरीं आजोबा किंवा पणजी शिक्षक होऊन गेलीं असतील. त्यांची ट्रेनिंगची सनद, पाठांचीं टांचणें, पत्रें व छायाचित्रें जुन्या पेटींत पडून असतील. तीं रद्दींत घालूं नयेत. वाळवी व ओल यांपासून तीं जपावीं. छायाचित्राच्या पाठीमागें हलक्या हातानें शिसपेन्सिलीनें नांवें व साल लिहावें. जीं वृद्ध माणसें आज तीं नांवें सांगूं शकतात, तीं सदैव आपणांत राहणार नाहींत.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही लिहा. तुम्ही किती गुण मिळविले हें शाळेच्या दप्तरांत राहीलच. तुम्ही कसे होतां, हें तुम्हांवांचून कोण लिहिणार?