ट्रॉली सोडताना

दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या मार्केट यार्डाकडे कापसाच्या गाड्यांची रीघ लागते. पैनगंगेकाठच्या बेला, जैनथ भागातून ट्रॅक्टर-ट्रॉल्याही येतात. ट्रॉली जोडण्यापेक्षा सोडताना जास्त जपावे लागते, कारण पिन निघताच तिला धरून ठेवणारे काहीच उरत नाही.

आधी सपाट जागा बघा. ट्रॅक्टरचा हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा आणि ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. डंपिंग ट्रॉली असेल तर हौदा पूर्ण खाली घेऊन मगच हायड्रोलिक पाइप काढा. मागच्या दिव्यांची वायरही सोडवा.

दोनचाकी ट्रॉलीचा पुढचा भार ट्रॅक्टरच्या हुकावर असतो. म्हणून जॅक टेकवून तो भार उचलल्याशिवाय पिनला हात लावू नका. काळ्या जमिनीत, विशेषतः ती ओली असताना, जॅक रुततो. त्याखाली जाड फळी ठेवा. माल मागच्या बाजूला जास्त असेल तर पिन काढताच दांडी उसळून वर येते. अशी ट्रॉली आधी रिकामी करा. चारचाकी ट्रॉलीची दांडी हलकी असते, पण ट्रॉली घरंगळण्याचा धोका मोठा, म्हणून चाकांचे ठोकळे पक्के हवेत.

पिन अडकली तर हातोडा मारू नका. सगळ्यांना बाजूला करून ट्रॅक्टर बोटभर मागे घ्या. ताण सुटला की ती हाताने निघते. ट्रॅक्टर हलत असताना मध्ये कोणीही उभे राहू नये, लेकरे तर नाहीच. मग सरळ, सावकाश पुढे निघा.