कुकरमुंड्यापर्यंत पोचलेले इंग्लंड

मार्च १८१९मध्ये लंडनच्या पार्लमेंटात तापीकाठच्या थाळनेरवर चर्चा झाली. मराठ्यांविरुद्धची मोहीम संपली होती आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज व त्यांच्या फौजेचे आभार मानण्याचा ठराव जॉर्ज कॅनिंग यांनी मांडला होता. कॅनिंग तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष होते. आदल्या वर्षी, फेब्रुवारी १८१८च्या अखेरीस, सर टॉमस हिस्लॉप यांची फौज थाळनेरच्या किल्ल्यात घुसली होती. दरवाजातल्या चकमकीत इंग्रज अधिकारी पडले, मग शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीदास मामा यांना फाशी दिले गेले. होळकरांनी मंदसोरच्या तहात हा मुलूख आधीच लिहून दिला होता, म्हणून किल्लेदार बंडखोर, असा हिस्लॉप यांचा हिशेब. पार्लमेंटने फौजेचे आभार मानले, पण त्या फाशीला यातून संमती मिळाली असे कोणी समजू नये, हेही नोंदवून ठेवले.

तुळशीदास मामांना याचा काही उपयोग नव्हता. तरी सातासमुद्रापलीकडच्या सभेला खानदेशातल्या एका फाशीचा जाब विचारावासा वाटला, याचे मूळ एडमंड बर्क यांच्यात आहे. पूर्वीचे गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर बर्क यांनी पार्लमेंटात चालवलेला महाभियोग १७८८ ते १७९५ असा सात वर्षे चालला आणि आरोपी निर्दोष सुटला. पण परक्या मुलखावरचे राज्य ही ठेव आहे, तिचा हिशेब द्यावा लागतो, हे बर्क यांचे म्हणणे मागे उरले. ज्या वर्षी थाळनेरची चर्चा झाली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर मताधिकार मागणाऱ्या निःशस्त्र जमावावर घोडेस्वार घातले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे इंग्लंड असे होते. एका हाताने जाब विचारणारे, दुसऱ्या हाताने तलवार चालवणारे.

इंग्रजी विचारांचा महाराष्ट्रावरील परिणाम म्हटला की आपले लेखक मुंबई-पुण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. शाळा, छापखाना, वर्तमानपत्र, सुधारणा, मग काँग्रेस. नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, नवापूर या मुलखाला त्या कथेत जागाच नसते. मला ते पटत नाही. इथेही इंग्लंड आले, आणि लवकर आले. पण जे मुंबईला आले तेच इथे आले नाही. हा फरक आजही पुसलेला नाही, म्हणून त्याचा माग काढणे मला महत्त्वाचे वाटते.

आधी माणसे पाहू, कारण त्या काळी ग्रंथ माणसांच्या सामानातून प्रवास करीत. सर जेम्स मॅकिंटॉश १८०४मध्ये मुंबईला रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश, म्हणून आले. फ्रेंच राज्यक्रांतीवर बर्क यांनी कोरडे ओढले तेव्हा त्यांना १७९१मध्ये पुस्तकाने उत्तर देणारा हा तरुण स्कॉटिश लेखक, पुढे स्वतःही बराच मवाळ झालेला. मुंबईत उतरल्याच्या वर्षीच नोव्हेंबरात त्यांनी लिटररी सोसायटी स्थापन केली. टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी तिचीच वारस. या वर्तुळाशी जॉन माल्कम आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा संबंध आला. माल्कम स्वतः कविता करीत, वॉल्टर स्कॉट यांच्याशी त्यांची मैत्री होती. एल्फिन्स्टन छावणीतही ग्रीक वाचणारे. मुंबईचे हे दोन गव्हर्नर, एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ आणि माल्कम १८२७ ते १८३०, सातपुड्याचे धोरण ठरवणारे ठरले.

त्यांच्या विरुद्ध बाजूला जेम्स मिल. तेही स्कॉटिशच. त्यांचा हिंदुस्थानचा इतिहास बाजारात आला तो १८१८च्या प्रारंभी, म्हणजे पेशवाई बुडत असतानाच. मिल हिंदुस्थानात कधी आले नाहीत, इथली एकही भाषा त्यांना येत नव्हती, आणि त्याने काही बिघडत नाही असे त्यांनी प्रस्तावनेतच ठासून मांडले. बेंथॅम यांच्या उपयुक्ततावादाची फूटपट्टी लावून त्यांनी हिंदूंची संस्कृती रानटीपणाच्या जवळ नेऊन बसवली. १८१९मध्ये कंपनीने त्यांना लंडनच्या कचेरीत नोकरी दिली, आणि ग्रंथातले मत पत्रव्यवहारात उतरू लागले. एल्फिन्स्टन यांना हा ग्रंथ बोचला. १८४१चा त्यांचा स्वतःचा इतिहास हे बऱ्याच अंशी मिल यांना दिलेले उत्तर आहे.

आता खानदेश. १८०३-०४चा दुष्काळ, होळकरी धामधूम आणि पेंढाऱ्यांच्या टोळ्या यांनी हा प्रांत पार खिळखिळा केला होता. शहाद्याजवळचे सुलतानपूर, एके काळचे परगण्याचे ठिकाण, उजाड पडले होते. डोंगरातल्या भिल्ल नायकांचे गावावरचे परंपरेचे हक्क बुडाले होते, आणि हक्क बुडाले की नायक खाली उतरत. कॅप्टन जॉन ब्रिग्ज १८१८मध्ये पहिले पोलिटिकल एजंट म्हणून आले आणि धुळे हे त्यांनी ठाणे केले. एल्फिन्स्टन यांच्या सूचना दुहेरी होत्या. मैदानातून डोंगरात जाणारे धान्य रोखा, घाट अडवा. आणि शरण येणाऱ्या नायकांना त्यांचे जुने हक्क व तनखा द्या. पहिली सूचना अमलात आणायला सोपी होती. १८१९मध्ये चिल नायकाला पकडून फाशी दिले. तरी दंगे थांबले नाहीत.

१८१९च्या ऑक्टोबरात एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल पाठवला. मराठी माणसाने तो एकदा तरी वाचावा. त्यात बर्क बोलतात: रयतेला जे समजते ते मोडू नका, पाटील, कुलकर्णी, पंचायत, वतन शक्य तितके राहू द्या. पंचायतीचा न्याय टिकवण्याचा त्यांचा प्रयत्न पुढे फसला, कारण पंचांच्या निवाड्यामागची जुनी सत्ताच राहिली नव्हती. पण १८२७मध्ये त्याच माणसाने मुंबई इलाख्यासाठी कायद्यांची एकत्र संहिता आणली, आणि त्या आटोपशीर मांडणीत बेंथॅम दिसतात. एकाच डोक्यात दोन्ही विचार नांदत होते. एल्फिन्स्टन यांना एका पंथाच्या खुंटीला बांधणारे अभ्यासक मला म्हणूनच अपुरे वाटतात.

सातपुड्यात मात्र संहिता पाठवली गेली नाही, माणूस पाठवला गेला. १८२५मध्ये खानदेशात तीन भिल्ल एजन्सी झाल्या. दक्षिणेची कन्नडला, ओव्हन्स यांच्याकडे. ईशान्येची जेम्स औट्रम यांच्याकडे. वायव्येची, म्हणजे नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर आणि डांगांची, कुकरमुंड्याला. तळोद्याजवळचे हे गाव आज गुजरातच्या तापी जिल्ह्यात आहे. एजंटाने भिल्लांना जमीन द्यावी, बी-बियाणे व अवजारांसाठी तगाई द्यावी, गुन्ह्यांचा निवाडा स्वतः करावा, नायकांना ओळखून असावे. न्यायाधीश, कलेक्टर, पोलीस सारे एकाच माणसात.

औट्रम तेव्हा बावीस वर्षांचे होते. ज्यांच्याशी लढायचे त्यांच्यातूनच फौज उभारायची, अशी त्यांच्यावर कामगिरी. सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भिल्ल आले. औट्रम त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेले, त्यांच्या मेजवान्यांत बसले, रखवालीशिवाय त्यांच्यात राहिले. धरणगावला भिल्ल पलटणीचे ठाणे झाले, आणि १८३०मध्ये हीच पलटण घेऊन ते डांगात उतरले.

या कल्पनेची वंशावळ मनोवेधक आहे. बंगालमध्ये भागलपूरच्या पहाडियांची अशी पलटण ऑगस्टस क्लीव्हलँड यांनी १७८०च्या दशकातच उभारली होती. त्याहून मागे स्कॉटलंड आहे. १७४५च्या बंडानंतर इंग्रजांनी डोंगरी कुळांची सत्ता मोडली आणि त्याच कुळांतल्या तरुणांच्या पलटणी करून जगभर पाठवल्या. वॉल्टर स्कॉट यांची ‘वेव्हर्ली’ १८१४ची, ‘रॉब रॉय’ १८१७च्या अखेरची. दोन्हींत डोंगरातला शूर, बेकायदा, शब्दाला जागणारा माणूस आहे, आणि दोन्हींत तो हरलेला आहे. औट्रम यांचे बालपण अॅबर्डीनला गेले. त्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी भिल्लाकडे पाहिले ते या कादंबऱ्यांनी तयार केलेल्या नजरेने, असे माझे मत आहे. कवी आणि बिशप रेजिनाल्ड हीबर १८२५मध्ये राजपुतान्यातून गुजरातमार्गे मुंबईला आले. वाटेत भेटलेल्या भिल्लांबद्दल त्यांनी ममतेने लिहिले, मुंबईत एल्फिन्स्टन यांची मनापासून स्तुती केली. ही ममता खरी होती. तिने अनेकांचे प्राण वाचवले. पण हरलेल्या शूरावर माया करणे निराळे आणि त्याला आपल्या बरोबरीचा नागरिक मानणे निराळे. दुसरी गोष्ट त्या ममतेत कुठेच नव्हती.

मैदानी खानदेशात दुसरेच इंग्लंड आले, अर्थशास्त्राचे. कंपनीचे मुलकी अधिकारी हेलीबरीच्या कॉलेजात शिकत आणि तिथे माल्थस शिकवीत. जमिनीच्या खंडाचा सिद्धांत त्यांनी आणि रिकार्डो यांनी मांडला होता: लागवडीचा खर्च वजा जाता उरते ते मालकाचे. मिल यांनी त्यावरून निष्कर्ष काढला की हिंदुस्थानात मालक सरकार, तेव्हा हा उरलेला भाग सरकारने घेतला तर उद्योगाला धक्का लागत नाही. हेलीबरीचे विद्यार्थी रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी पुण्याकडच्या पाहणीत प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायला घेतले. हिशेब इतका नाजूक की कारकुनांच्या हाती तो टिकला नाही. आकार जड बसला, रयत गावे सोडू लागली, आणि १८३५पासून गोल्डस्मिड व विंगेट यांना नव्याने मोजणी मांडावी लागली.

या सिद्धांताला विरोध केला तो खानदेश पाहिलेल्या माणसाने. ब्रिग्ज यांनी १८३०मध्ये लंडनला हिंदुस्थानच्या जमीन करावर ग्रंथ छापला. सरकार जमिनीचे मालक नाही, रयतेचा हक्क जुना आहे, आणि कराला मर्यादा हवी, हा त्याचा गाभा. फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी अनुवादही त्यांचाच, आदल्या वर्षीचा. उजाड गावे पुन्हा वसवताना आकार किती ठेवावा हे त्यांनी धुळ्याच्या कचेरीत बसून सोसले होते. पुढे ब्रिग्ज डलहौसींच्या संस्थाने खालसा करण्याच्या धोरणाविरुद्धही बोलले. मिल यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे, ब्रिग्ज यांचे नाही, याची मला खंत वाटते. १८५२मध्ये सावदा, फैजपूर, यावल, एरंडोलच्या शेतकऱ्यांनी मोजणीविरुद्ध उठाव केला. ते ब्रिग्ज यांना ओळखत नसतील, पण भांडण तेच होते.

आणि शाळांचे इंग्लंड? ब्रिग्ज यांनीच सांगितलेली एक आठवण आहे. एल्फिन्स्टन यांच्या तंबूत कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग दिसला. हे कशासाठी, असे विचारताच एल्फिन्स्टन म्हणाले, लोकांना शिकवण्यासाठी, पण हाच आपला युरोपला परतण्याचा रस्ता आहे. तरीही आपले कर्तव्य केलेच पाहिजे, असेही ते म्हणाले. या पुस्तकांच्या वाटेने १८३२मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ आले. १८४१मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रे लिहून इंग्रजी राज्याने देश कसा लुटला ते इंग्रजांच्याच भाषेत सांगितले. १८४८पासून लोकहितवादींची शतपत्रे ‘प्रभाकर’मध्ये येऊ लागली. थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ इंग्लंडात राजद्रोही ठरला होता. तोच पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती पडला आणि त्यांच्या विचाराला धार आली.

सातपुड्यात ती पुस्तके गेली नाहीत. कुकरमुंड्याच्या एजन्सीत नांगर होते, तनखे होते, बंदुका होत्या, पेन नव्हते. त्यामुळे इथला असंतोष पत्राच्या रूपाने छापला गेला नाही, तो शस्त्राच्या रूपाने आला. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारे खाज्या नाईक १८५७मध्ये सरकारवर उलटले आणि एप्रिल १८५८मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली. त्या काळात औट्रम लखनौच्या मोहिमेत लढून गाजले होते.

बंड मोडल्यावरही पद्धत तीच राहिली, फक्त ती कायद्यात लिहिली गेली. १८७४च्या अनुसूचित जिल्ह्यांच्या कायद्यात खानदेशातल्या मेहवाशी जहागिरींची नावे आहेत: काठी, नाल आणि सिंगपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे, नवलपूरचे पाडवी. नेहमीचे कायदे इथे आपोआप लागू होणार नाहीत, काय लागू करायचे ते सरकार ठरवील. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेची पाचवी अनुसूची आली. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी (धडगाव) हे तालुके आणि नंदुरबार-शहाद्याची काही गावे तिच्यात आहेत, आणि कोणता कायदा तिथे लागू करायचा नाही हे ठरवण्याचा अधिकार राज्यपालांना आहे. आदिवासींची जमीन टिकली ती बऱ्याच अंशी अशा वेगळ्या कायद्यांमुळे, हे मान्यच केले पाहिजे. पण निर्णय घेणारा वरचा एक भला माणूस, ही १८२५ची रचनाही त्यात शिल्लक आहे. १९९६च्या पेसा कायद्याने तिला पहिल्यांदा धक्का दिला, कारण त्याने ग्रामसभेला अधिकार दिला. बाजार, गौण वनोपज, पाणी, जमिनीचे हस्तांतरण यांवर गावाने बोलायचे. आज अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांत ग्रामसभेचा ठराव लिहिला जातो तेव्हा औट्रम यांची पद्धत बाजूला पडते आणि पेन यांचा विचार, फुल्यांनंतर दीडशे वर्षांनी, सातपुड्यात पोचतो.