भाद्रपदातला ताण, मार्गशीर्षातला रिपोर्ट

रात्रीचे अडीच वाजलेत. हडपसरच्या मगरपट्टा सिटीतल्या आयटी टॉवरचे दिवे चालू आहेत, कारण अमेरिकेत अजून ऑफिस सुटलेलं नाही. हेडफोनमध्ये क्लायंटचा आवाज चढतो आणि कॉल घेणाऱ्या तरुणाचे तळहात घामेजतात.

काही सेकंदांतच मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात उतरतं, आणि त्याचा परिणाम लैंगिक क्रियेवरही होतो. शिश्न ताठ व्हायचं तर तिथले स्नायू सैल पडून रक्त आत भरावं लागतं. ताणाची रसायनं हेच स्नायू आवळून धरतात. मागोमाग येतं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक, आणि त्याची करामत खरी थक्क करणारी आहे.

मेंदूतला हायपोथॅलॅमस साधारण दर दीड-दोन तासांनी एक संदेश सोडतो. तो पिट्युटरीमार्फत वृषणातल्या लेडिग पेशींपर्यंत पोचला की टेस्टोस्टेरॉन तयार होतं. ताण रेंगाळला की कॉर्टिसॉल हे संदेश मंदावतं, आणि थेट लेडिग पेशींवरही दाब आणतं. पण या पेशी असहाय नसतात! उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की ताणाचं संप्रेरक निकामी करणारं विकर त्यांच्याकडे असतं. संप्रेरकाचा पूर आला, की मात्र ते अपुरं पडतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो इथला काळाचा हिशेब. याच टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर एक शुक्राणू घडायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. मग जवळजवळ सहा मीटर लांबीच्या, पण जेमतेम काही सेंटिमीटरांत गुंडाळलेल्या नळीतून जाताना तो पोहायला तयार होतो. म्हणजे भाद्रपदातल्या जागरणांचा परिणाम दिसला, तर तो दिसायचा मार्गशीर्षात. तोवर माणूस तो कॉल विसरलेलाही असतो.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढून असे विषय मराठीत उघडपणे मांडले. तरीही आज मूल होत नसलं की आधी सुनेच्याच तपासण्या होतात, याचा मला राग येतो. अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही कारण असतं. ते नेहमी ताणच असेल असं नाही. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या शिरा फुगणं, असेल, संसर्ग असेल, तंबाखू असेल. वीर्यतपासणी तर साधी आणि न दुखणारी. पहिल्या रिपोर्टमध्ये शुक्राणू कमी दिसले, तर डॉक्टर बऱ्याचदा तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात, कारण तोवर शुक्राणूंची अख्खी नवी पिढी तयार झालेली असते.